लिफ्टची जागा

छत. साडेअकरा. निम्मं भरलंय.

"भोक ठेवायचं की भरायचं?"

तेओफिलो मिस्त्री सकाळपासून हे तिसऱ्यांदा विचारत होता. दहा वाजता त्याच्या माणसांनी रस्त्याकडच्या कोपऱ्यातून काँक्रीट ओतायला सुरुवात केली होती. खाली मिक्सरपाशी बादली भरायची, विंच घरघरायचा, बादली बाहेरच्या बाहेर झुलत वर यायची. ओलं काँक्रीट सरकत सरकत आता निम्म्या छतावर आलं होतं. एकच्या सुमारास ते मागच्या कोपऱ्यात, जिन्यापाशी पोचणार होतं. तिथे फळ्यांची चौकट ठोकलेली होती. दोन मीटर बाय दोन मीटर. आत काही नाही.

नकाशात त्या चौकटीत लिफ्ट होती. खालच्या प्रत्येक मजल्यावर बरोबर त्याच जागी तेवढंच भोक होतं, आणि सहाव्यापर्यंत प्रत्येक भोकावर फळ्या टाकून एकेक गाळा काढलेला होता. लिमाच्या गामार्रा कापडबाजारात दोन मीटर जागा रिकामी ठेवणाऱ्याला लोक वेड्यात काढतात.

"भर," विल्बेर म्हणाला.

"ठेव," नेलिदा म्हणाली.

मिस्त्रीनं टोपी मागे सरकवली. "दोघं एकाच आईची ना? काँक्रीट तुमचं भांडण मिटायची वाट बघत नाही. एक वाजता माझी माणसं इथे येतात. भोक बुजलं की बुजलं. नंतर लिफ्ट आठवली तर मला बोलावू नका. दुसरी इमारत बांधा."

दोघांनी आईकडे बघितलं. एउलोहिया लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीत, गुडघ्यांवर हात ठेवून, सान कोस्मेच्या टेकडीकडे बघत होती. इमारतीला तिचंच नाव होतं. गालेरिया एउलोहिया, दुकानांची आणि शिवणखान्यांची, तळमजला आणि वर सात.

"माद्रिना येऊ दे," ती म्हणाली.

माद्रिना म्हणजे छताची मानाची बाई, रिबीन बांधलेली बाटली फोडणारी. यंदा हा मान सातुर्निना मावशीला द्यावा असं विल्बेरनंच सुचवलं होतं. सगळ्यांना बरं वाटलं होतं. नेलिदालासुद्धा. मग चार दिवसांनी, रात्रभराची झोप झाल्यावर, तिच्या लक्षात आलं: लिफ्टच्या जागेत तळाला जो गाळा आहे तो मावशीचा. मानाच्या बाईला मानाच्याच दिवशी उठ म्हणायला कुणाची जीभ रेटणार?

पायरी शून्य.

सातुर्निनाच्या गाळ्याचं शटर आज सव्वीस वर्षांत पहिल्यांदा दुपारी बाराच्या आत खाली आलं.

गाळा एवढासा. तीन भिंतींवर चेन, बटणं, इलॅस्टिक, धागे, मधे ती. चौथ्या बाजूला जिना. जिन्याच्या मधोमध वरपर्यंत गेलेली पोकळी, आणि त्या पोकळीतून खाली येणाऱ्या दोऱ्या.

वरच्या शिवणखान्यांना चेन लागली की ते कुणाला खाली पाठवत नसत. दोरीला टोपली, टोपलीत कापडाचा तुकडा, तुकड्याला टाचलेली चिठ्ठी: वीस सेंटिमीटर, बारा नग. सातुर्निना तुकडा उजेडात धरायची, भिंतीवरून बरोबर त्या रंगाची चेन काढायची, टोपलीत टाकायची आणि दोरीला दोन हिसके द्यायची. वर. रंगांचं कार्ड तिनं कधी वापरलं नाही. डोळा पुरे.

एके काळच्या दोऱ्या:
निळी, तिसरा मजला, भरतकाम.
पांढरी, तिसराच, पण गाठींची.
हिरवी, चौथा, मुलांचे गणवेश.
दोन पिवळ्या, चौथा, एकमेकांशी न बोलणाऱ्या.
लाल, पाचवा, जीन्स.
काळी, पाचवा.
कपडे वाळवायची, पाचवा.
जाड काथ्याची, पाचवा, घाईवाली.
केशरी, सहावा, नेलिदा.
आणि एक दोरी नव्हतीच, कापडाच्या काठांची वेणी होती, सहावा.

अकरा. आता निळी, हिरवी आणि केशरी.

तिनं बाटली शालीत गुंडाळून पाठीला बांधली. बाहेर विंच चालवणारा ओरडला, "मावशी, बादलीत बसा! दोन मिनिटांत वर सोडतो."

"काँक्रीटला बसून जाऊ दे," ती म्हणाली. "त्याला गुडघे नाहीत."

मजल्याला एकोणीस पायऱ्या. वर्षानुवर्षं ती गिऱ्हाइकांना सांगत आली होती, "चौथा का? हा काय, इथेच वर." स्वतः ती दुसऱ्याच्या वर गेली नव्हती. कामच पडलं नव्हतं. दोऱ्या खाली येत होत्या.

छत. बारा वाजून पाच. पाऊण भरलंय, नाही, थोडं कमी.

विल्बेरनं बिअरचा ग्लास भरून एर्नानच्या हातात दिला. एर्नान नेलिदाचा नवरा. गेल्या आठवड्यापर्यंत तो लिफ्टवाल्यांच्या बाजूला होता, कारण बायको होती.

"हे बघ," विल्बेर म्हणाला, "तळमजला माझा. कापड मी विकतो. आत्ता गिऱ्हाईक दारातून आलं की जिना शोधत माझ्या दुकानापुढून वळसा घेतं. त्या वळशात मी त्याला पकडतो. लिफ्ट बसली की लोक सरळ आत, सरळ वर. मी काय, लिफ्टच्या दाराशी उभा राहून टाटा करू?"

"नेलिदा म्हणते वरती माणसं आली तर कापडही तुझंच खपेल."

"नेलिदा शिवते. मी विकतो." विल्बेरनं ग्लासातला पहिला घोट काँक्रीटवर सांडला, धरित्रीचा वाटा, आणि उरलेला प्यायला. "ऐक. भोक भरू या. हा सातवा मजला पूर्ण तुम्हाला. वर्षभर भाडं नको."

एर्नाननं चौकटीतून खाली वाकून सातव्या मजल्याकडे बघितलं. निलगिरीच्या बल्ल्यांचं रान. पण मोठा होता. सहाव्याच्या दुप्पट यंत्रं बसली असती.

"वर्षभर?"

"कागदावर."

त्याच छतावर, दहा पावलांवर.

नेलिदाला ऐकू येत नव्हतं, पण नवऱ्याची मान हलताना दिसत होती. वरखाली. ती उठून गेली.

"किती वेळ हलवणार आहेस?"

"सातवा मजला देतोय," एर्नान म्हणाला. "फुकट. शहराबाहेर वाचिपाची शेड घ्यायलाच नको."

"आणि कापडाचे ताग एकशे तेहतीस पायऱ्या कोण चढवणार? तू? सहाव्यावर यायलाच हमाल तोंड वाकडं करतात. दोन शिवणाऱ्या बायका गुडघ्यांपायी सोडून गेल्या, त्यात एक तुझी बहीण."

"मग वाचिपाला जाऊ. सोमवारी सही करायचीच आहे. सपाट जागा, ट्रक दारात."

"गेल्या वर्षी चार महिने काढले ना तिथे? सुई मोडली की दोन तास. कॉलरची पट्टी रंगाला लागली नाही की अख्खी दुपार बसमध्ये. इथे चारशे टी-शर्ट दोन दिवसांत होतात, तिथे पाच. बायका त्याच, यंत्रं तीच. का?" तिनं बोट जिन्याकडे केलं. "इथे मी दोरी सोडते. पट्टी दुसऱ्यावर, भरतकाम तिसऱ्यावर, छपाई शेजारच्या गालेरियात. एकाला नवीन शिलाई जमली की संध्याकाळपर्यंत सगळ्यांना येते. शेडमध्ये मी कुणाकडून शिकू, ट्रककडून?"

विल्बेर हसला. "मग राहा की इथे. कोण जा म्हणतंय?"

"दादा, पाचव्यावर किती शिवणखाने उरले?"

"गोडाऊन आहेत. गोडाऊनही भाडं देतं."

"गोडाऊन चेन विकत घेत नाही. तुझं कापडही घेत नाही. पाचवा गेला, चौथा चाललाय, मी सोमवारी जाईन. मग तू खाली बसून कुणाला पकडणार?" तिनं वर बघितलं. कडेच्या खांबांतून पुढच्या मजल्यासाठी सळया बाहेर ठेवलेल्या होत्या, टोकांवर रिकाम्या बाटल्या उपड्या. "आठव्याच्या सळया ठेवल्यास. वर कोण चढणार हे कुणी विचारलं का? त्या कापून टाक. आठव्याचे पैसे लिफ्टला लाव."

"आणि मावशीला कुठे लावू?" विल्बेर म्हणाला. अगदी शांतपणे.

नेलिदा आईकडे वळली. 

लाल खुर्ची रिकामी होती.

पायरी सत्तावन्न.

तिसऱ्या मजल्यावर कठड्याला निळी दोरी बांधलेली होती. तिच्यामागे, भरतकामाच्या यंत्रापाशी, एक काडीसारखा म्हातारा.

"तुम्ही निळी?" सातुर्निनानं विचारलं.

"तुम्ही चेन?"

"तुमचा आवाज ऐकून मला वाटायचं जाडजूड बाई असेल."

"मी कासिमिरो. इतकी वर्षं मी फक्त तुमचा भांग बघितलाय." त्यानं स्टूल पुढे केलं. "बसा. पांढरा होत गेला, सांगणार होतो, पण दोरीतून कसं सांगायचं?"

ती बसली नाही. बसली तर उठणार नाही याची तिला भीती होती.

चौथ्यावर हिरवी होती. दोन पिवळ्यांची फक्त टोकं. बाकी कठड्याला गाठ तशीच, खाली वीतभर दोरी, पुढे कापलेली.

पाचव्यावर दिवाच नव्हता. शटर, शटर, शटर. आतून खोक्यांचा वास. मधल्या जागेत, तिच्या गाळ्याच्या बरोबर वर, तेवढाच गाळा, त्याला कुलूप. कठड्याला लाल गाठ, काळी गाठ, कपडे वाळवायच्या दोरीची गाठ, काथ्याची गाठ. काथ्यावाला तिला वर्षापूर्वी म्हणाला होता, "थोडे दिवस गावी जातोय." गाठ मात्र सोडून नेली नव्हती. पक्की होती. तिनं ओढून बघितली.

पायरी पंच्याण्णव. ती खाली बसली.

पायरी पंच्याण्णव, वरून.

एउलोहिया एक हात भिंतीला धरून खाली आली आणि बहिणीशेजारी टेकली. वय शहात्तर. धाप दोघींनाही लागली होती.

"माद्रिनाला घ्यायला मालकीण आली," सातुर्निना म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"म्हणतील म्हाताऱ्या जिन्यात मेल्या."

"ताई, तिथे सगळे भांडतायत ना?"

"हो. तुझ्यावरून."

"माझ्या जागेवरून."

एउलोहियानं शाल सारखी केली. "सातु, ती तुझी जागा नव्हती. तू हुलियाकाहून आलीस, दोन पोरी, नवरा गेलेला. बाजारात फूटभर जागा मिळत नव्हती. माझे तेव्हा दोनच मजले झाले होते. इंजिनिअरनं लिफ्टसाठी भोक सोडलं होतं. मी म्हटलं, दोन मजल्यांना लिफ्ट कशाला, पुढचं पुढे. फळ्या टाकल्या, तुला बसवलं."

"मला म्हणालीस, माल ठेवायची जागा आहे."

"लिफ्टची म्हटलं असतं तर तू बसली नसतीस. मग तिसरा मजला झाला. तू तिथेच होतीस. खालचं भोक बंद, मग वरचं उघडं ठेवून काय करू? तिथेही फळ्या. मग चौथ्यावर. भाडी यायला लागली, मलाही बरं वाटलं. मुलांना सांगत आले की लिफ्टला पैसे नव्हते."

सातुर्निनानं समोरचं कुलूप बघितलं.

"म्हणजे सव्वीस वर्षं मी लिफ्टमध्ये बसलेय."

"हो."

"आणि लिफ्ट हलली नाही."

एउलोहिया हसली, मग खोकली, मग डोळे पुसले, खोकल्यामुळेच असेल. "तू नाही म्हण. मी भोक भरून टाकते. पोरांची तोंडं मी बघून घेईन."

"आणि हो म्हटलं तर?"

"तर तुला कुठे बसवू, मला माहीत नाही. तळमजला मी विल्बेरच्या नावावर करून बसलेय. त्याच्या परवानगीशिवाय तिथे मी खिळासुद्धा ठोकू शकत नाही." ती थांबली. "मोठ्या मुलाला दिलं. सगळे देतात तसं."

वरून विंचचा आवाज येत होता. सातुर्निनानं काथ्याची गाठ पुन्हा एकदा हातात घेतली, नखानं उकलून बघितली. सुटेना.

"घाईवाला होता," ती म्हणाली. "चिठ्ठीत 'लवकर' दोनदा लिहायचा. चल, उठव मला."

छत. एकला दहा कमी. दोन पावलं उरली.

काँक्रीट चौकटीपासून दोन पावलांवर आलं होतं. मिस्त्री लाकडी पट्टी घेऊन वाकलेला. मजूर, शेजारच्या गालेरियांचे मालक, कोम्पाद्रे म्हणजे मानलेले सोयरे, सगळे मिळून चाळीसेक माणसं कडेच्या फळ्यांवर ग्लास धरून उभी. फळीच्या चढावरून दोघी बहिणी वर आल्या तेव्हा टाळ्या पडल्या.  सातुर्निनानं पाठीवरून बाटली सोडवली, रिबीन सरळ केली, आणि भोकाच्या कडेला जाऊन आत बघितलं. एक मजला खाली नवीन फळ्या दिसत होत्या.

"फोड मावशी!" विल्बेर म्हणाला. "मग मिस्त्री शेवटचा कोपरा भरतील."

"विल्बेर, मला माद्रिना कुणी केलं?"

"मी, मावशी."

"मनापासून?"

"म्हणजे काय! मनापासून." त्यानं चाळीस माणसांकडे बघितलं. ती सगळी त्याच्याकडे बघत होती.

"मग ऐक. लिफ्टची जागा मी सोडते. मला तुझ्या दुकानाची जिन्याकडची भिंत दे. दोन मीटर. जास्त नको."

विल्बेरचा ग्लास हातातच राहिला. "मावशी, तिथे माझे पुतळे उभे आहेत. कपडे घातलेले. ती माझी शोभेची जागा..."

"पुतळ्यांना आत घे. त्यांना दोरी धरता येत नाही."

मागे कुणीतरी खुसकन हसलं. विल्बेरनं आईकडे बघितलं. एउलोहिया पुन्हा लाल खुर्चीत बसली होती आणि टेकडीकडे बघत होती. त्यानं एर्नानकडे बघितलं.

"दोन मीटर काय मोठं?" एर्नान ग्लासात बघत म्हणाला.

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"मी तहानलोय."

नेलिदा पुढे झाली. "दादा, सोमवारी मी वाचिपाची सही करत नाही. सातवा मजला घेते. भाडं देऊन. पहिल्या महिन्यापासून."

विल्बेर वाईट माणूस नव्हता. तो हिशेबी होता, आणि मनातल्या हिशेबात त्याला दिसत होतं की चाळीस माणसांपुढे मावशीला नाही म्हणायची किंमत दोन मीटरपेक्षा जास्त आहे. शेजारच्या गालेरियात संध्याकाळपर्यंत गोष्ट पोचली असती, तिखटमीठ लावून.

"लिफ्ट आली की दोऱ्या कोण सोडणार, मावशी?" तो एवढंच म्हणाला. "उगाच भिंत अडवून बसशील."

"असेल," सातुर्निना म्हणाली. "मग माणसं खाली येतील. तोंडं तरी बघीन. कागद दे."

"आत्ता?"

"आत्ता. मागच्या वेळी तोंडी दिलं होतं. बघितलंस ना काय झालं ते?"

कागद नव्हता. मिस्त्रीनं सिमेंटच्या रिकाम्या पोत्याचा तुकडा फाडला आणि कानावरची सुताराची पेन्सिल काढून दिली. *जिन्याकडची भिंत. दोन मीटर. सातुर्निना क्वेन्ता. ती म्हणेल तोवर.* विल्बेरनं सही केली, खाली तारीख घातली, आणि नेलिदाकडे न बघता तुकडा मावशीला दिला. तिनं तो शालीत ठेवला.

"ठेवा भोक," ती मिस्त्रीला म्हणाली.

बाटली पहिल्यांदा फुटली नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या वेळी चौकटीच्या खिळ्यावर बसली आणि फेस तिच्या चपलांवर उडाला. विल्बेरनंच तिला हात धरून मागे घेतलं. मग जेवण आलं, बदक आणि भात, आणि सगळे एकदम बोलायला लागले.

सोमवार. सकाळचे दहा. पायरी शून्य.

सगळ्यात वरच्या खिळ्यापासून तिनं चेन उतरवायला घेतल्या. काळ्या, करड्या, मग निळ्यांच्या सतरा छटा. भिंतीवर खोक्यांमागे जुना रंग निघाला, तो कुठला होता तिला आठवेना. बाहेर जिन्यापाशी विल्बेर दोन पुतळे काखेत धरून आत नेत होता. एकाचा हात निखळून खाली पडला. तो उचलायला विल्बेर वाकला नाही, पुन्हा आलाच नाही बराच वेळ. नंतर येऊन घेऊन गेला.

वर कुलपं उघडण्याचे आवाज येत होते. सहा गाळे, सहा कुलपं. किल्ल्या विल्बेरकडेच असायच्या आणि तिसऱ्याची सापडत नव्हती. मग गिरमिट. फळीला भोक पडल्याचा आवाज, थोडा वेळ शांतता, पुढच्या मजल्यावर पुन्हा गिरमिट. सातवा. सहावा. पाचवा. आवाज खाली खाली येत होता.

सातुर्निना हातातलं काम ठेवून मान वर करून उभी राहिली. आपल्या गाळ्याच्या छताकडे तिनं असं कधी बघितलं नव्हतं. साध्या फळ्या होत्या, कडेला डाग.

मधल्या फळीतून भुसा पडला, तिच्या केसांवर. मग लोखंडाचं टोक फिरत बाहेर आलं आणि गेलं. राहिलं पैशाएवढं भोक, आणि त्यात उजेड. पिवळा नाही, दिव्याचा नाही. लिमाच्या आभाळाचा करडा.

त्या भोकातून दोरी उतरायला लागली. बारीक, पांढरी. टोकाला टोपली नव्हती. पितळी ओळंबा होता. तो हळूहळू खाली आला, स्टुलाच्या वर वीतभर अंतरावर थांबला आणि झुलत राहिला.

"मावशी!" आठ मजल्यांवरून तेओफिलो मिस्त्रीचा आवाज आला, नळीतून आल्यासारखा. "पोचला का?"

तिनं स्टूल बाजूला सारलं. ओळंबा दोन्ही तळव्यांत धरला, थांबू दिला. मग सवयीनं दोरीला दोन हिसके दिले.

"पोचला," ती ओरडली. "धरलाय मी. घे माप."